हवेनं चढलेल्या तारा

मी तंबोरा बोलतोय बरं का. घाईत असाल तर मग सवडीनं या. चार तारा एकामागून एक छेडून घ्यायच्या, एवढंच मी जन्मभर केलं. त्यात घाई शिकणार कुठून?

माझं पोट म्हणजे वेलीवरचा कडू भोपळा, भाजीच्याही कामाचा नाही. कारागिरानं तो वाळवला, पोखरला, लाकडाची दांडी जोडली, खुंट्या बसवल्या. मग तारांखालची हाडाची घोडी घासत बसला. थोडं घासायचं, तार छेडायची, कान द्यायचा, की पुन्हा घासायचं. बायको म्हणाली, "अहो, जेवण निवलं." तो म्हणाला, "निवू दे. मुका पोरगा लोकांच्या घरी कसा पाठवू?"

मी गेलो तो एका गाणाऱ्या बाईंच्या घरी. सून त्यांना आई म्हणते. पेटी वाजवणारे धाकटे दीर वहिनी म्हणतात. मी आपला मनातल्या मनात बाईच म्हणतो. पेटीची चौथी काळी पट्टी दाबली की निघेल तो बाईंचा 'सा'. त्याला म्हणायचं काळी चार. मीही त्यालाच लागायचो.

बाईंची एक रीत होती. मैफलीआधी मला लावायचं ते त्यांनीच. भावजींनी पेटीवर सूर धरायचा, बाईंनी डोळे मिटून, कान माझ्या दांडीला लावून तार जुळवायची. मंचावर मला छेडायला मागे सून बसे, पण खुंटीला तिनंही हात लावायचा नाही.

वय कुणाला चुकलंय? मागच्या एका मैफलीत वरच्या 'सा'ला आवाज चिरकला. ऐकणारी माणसं भली. कुणी खाली पाहिलं, कुणी उगाच खोकलं. ते खोकणंच बाईंना जास्त झोंबलं.

घरी सून भीत भीत म्हणाली, "आई, पट्टी जरा उतरवून बघायची का?"

"पट्टी उतरवायची वेळ आली की मी गाणंच खाली उतरवून ठेवीन. आणि तू गं? आमटीत मीठ किती ते अजून मला विचारतेस, आणि पट्टी शिकवायला निघालीस!"

पुढचं बोलावणं आलं तेव्हा त्यांनी सांगूनच टाकलं, "या खेपेला चिरकला तर हे शेवटचं. मग याला द्या माळ्यावर टाकून." याला म्हणजे मला.

बाई आत पडल्या होत्या, तेव्हा बाहेरच्या खोलीत खलबत झालं. भावजी म्हणाले, "मी काळी तीन धरतो. वहिनींचे डोळे मिटलेले असतात."

"काका, अहो कान उघडेच असतात ना!" सून म्हणाली.

"मग शिव्या खाईन. आजवर काय लाडू खाल्लेत?"

तबलजी डोकं खाजवत म्हणाला, "माझा तबला एवढा खाली यायचा नाही. रुंद तोंडाचा आणावा लागेल. तो कुठं लपवू?"

"चादरीत गुंडाळा," सून म्हणाली.

मैफल सकाळची होती. मंचामागची खोली गार पडलेली, बाहेर खुर्च्या सरकत होत्या. बाईंनी मला मांडीशी घेतलं, डोळे मिटले. "भावजी, सूर द्या."

भावजींनी काळी तीन दाबली. बाईंनी तार छेडली. मी होतो काळी चारमध्ये आणि पेटी खाली. एका दारातून दोन जाडी माणसं शिरावीत तसे आमचे सूर एकमेकांवर आदळले. बाईंचा हात थबकला.

त्यांनी डोळे उघडले आणि सरळ पेटीकडे पाहिलं. भावजींचं बोट थरथरत होतं, पण त्यांनी ते उचललं नाही. सून भिंतीकडे बघू लागली. तबलजी समोर पडलेली हातोडी शोधायला लागला. बाई आता उठतात की काय, असं मला झालं. खोलीत पेटीचा सूर तेवढा चालू होता.

मग बाईंनी खुंटी धरली आणि पिळली. वर नव्हे, खाली. एक तार सैल केली, मग दुसरी.

"गारठ्यानं तारा फार चढल्यात," त्या म्हणाल्या.

"हो ना, हवाच वाईट पडलीय," भावजी घाईघाईनं म्हणाले.

"हवेला काय नावं ठेवायची! तिचंही वय झालं. तुमचं बोट हलतंय, भावजी. नीट दाबून धरा." मग मान न वळवताच म्हणाल्या, "आणि तबलजी, तो तबला काढा चादरीतून. जीव गुदमरला असेल त्याचा."

तार उतरली की माझा आवाज बोथट होतो. बाईंनी घोडीवर तारेखालचा दोरा जरासा सरकवला, पुन्हा सरकवला, आणि माझा गळा मोकळा झाला.

त्या सकाळी वरच्या 'सा'पाशी त्या सावकाश गेल्या. सुनेची बोटं माझ्या तारांवर बर्फासारखी गार होती. बाई वर पोचल्या आणि तिथं चांगल्या ऐसपैस बसल्या. सुनेनं डोळे पुसायला हात उचलला, तेवढी एक तार माझी चुकली. बाईंना कळलंच असणार. घरी जाईपर्यंत काही बोलल्या नाहीत, हे मात्र नवलच.

आता मला जाड तारा घातल्यात, कारण पट्टी आणखी खाली गेलीय. भावजी न विचारता खालचा सूर धरतात, बाई हवेला शिव्या देतात आणि गायला बसतात. माळा मी अजून पाहिलेला नाही.

तुमच्यापाशी एकच मागणं आहे. कधी मैफलीला गेलात आणि तारा जुळवायला फार वेळ लागला, तर घड्याळ बघू नका, खोकू तर मुळीच नका. कुणी म्हातारी बाई खुंटी पिळत असेल. तिचं तिला जुळवू द्या.