सात वर्षांची धूळ

तिनं तारांच्या पेटीचं झाकण उघडलं, टॉर्च आत धरला आणि नकाशा पुन्हा पाहिला. नकाशात नसलेली एक जोडणी आत होती, जेमतेम बोटभर. इस्पितळातून कोर्टाकडे जाणारं सगळं तिथून गुपचूप तिसरीकडेही जात होतं. त्या जोडणीवर बसलेली धूळ काही कालपरवाची नव्हती.

लाइनीवरून जाणाऱ्या मजकुराला सांकेतिक कुलूप असतं; उद्याची क्वांटम यंत्रं आजची कुलुपं चुटकीसरशी उघडतील, म्हणून महिनाभर ती एकेका लाइनीला नवं कुलूप बसवत होती. साहेबांना फोन केला. ते म्हणाले, काढून टाक, नवं कुलूप बसव, अहवालात लिही. आणि चोरांनी आधी नेलंय त्याचं काय, तिनं विचारलं. चोरांकडे सध्या नुसत्या बंद पेट्या आहेत, यंत्र आलं की किल्लीही येईल, त्याला आपण काय करणार, म्हणाले. खरंच होतं ते, म्हणून तर तिला राग आला.

संध्याकाळी ती थेट ताईकडे गेली. दत्तक आहोत हे ताईच्या मुलीला ठाऊक होतं. पण तान्हेपणी आपण कचऱ्याच्या डब्यात सापडलो, हे नव्हतं. ते लिहिलेले आपल्याकडचे कागद ताईनं जाळून टाकले होते. दत्तकासाठी इस्पितळानं कोर्टाला पाठवले ते मात्र याच लाइनीवरून गेले होते. सात वर्षांपूर्वी ताई ते स्वतः कोर्टात न्यायला निघाली होती. हिनंच अडवलं होतं. कशाला खेटे घालतेस, आमच्या लाइनीवरून जाऊ दे, कुणाच्या बापाला उघडता यायचं नाही.

ताईनं सगळं ऐकून घेतलं.

"आमचं कोण कशाला वाचेल?"

"वाचणार नाहीत. पण सगळंच उघड्यावर टाकतील. मग नाव घालून शोधलं की झालं."

"किती वर्षांनी?"

"दहा. कदाचित आधीच."

ताई मुलीचं तेव्हाचं वय बोटांवर मोजायला लागली आणि मध्येच थांबली. लागेल असा एक शब्दही ती बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात मुलगी आली आणि ताईच्या मांडीवर धपकन बसली. तिला तिची नेहमीची गोष्ट हवी होती, पहिल्या आईनं तिला ताईच्या हातात दिलं ती. ताईनं सुरुवात केली. दुपटं पिवळं होतं इथपर्यंत आली आणि मुलीचे केस सारखे करत राहिली.

"मग पुढे?" मुलीनं विचारलं.

असल्या थापा मारू नकोस, असं ती, मुलीची मावशी, ताईला वर्षानुवर्षं बजावत आली होती. तिनं हातातला टॉर्च खाली ठेवला.

"मग तिनं तुझा पापा घेतला," मावशी म्हणाली. "मी होते ना तिथं."