सासूबाईंच्या डब्याची धूरपरीक्षा

ग्रंथपालबाईंनी दिराची गाडी घेतली, तिथंच घोडं पेंड खायला लागलं. दीर बोटीवर नोकरीला लागला आणि निघताना किल्ली हातात ठेवून म्हणाला, "वहिनी, पोटच्या पोरासारखी सांभाळलीय. घरातच राहू दे." पोटच्या पोराचे त्यानं काय काय लाड पुरवले होते, ते बाईंना पहिल्यांदा किल्ली फिरवली तेव्हा कळलं. सायलेन्सरचं तोंड घागरीएवढं, हवेचा फिल्टर उघडाबोडका आणि डिकीवर एक भलामोठा पंख. सगळं बाहेरून आणून बसवलेलं. गाडी सुरू झाली की समोरच्या घरातला कुत्रा पहिले काही दिवस भुंकायचा. मग त्यानं हाय खाल्ली आणि तो नुसता पलंगाखाली जाऊन बसायला लागला. दिवसभर 'शांतता राखा' या पाटीखाली बसणाऱ्या बाई अशी तोफ घेऊन रस्त्यानं जायच्या. दोन वर्षं त्यांनी तेही निभावलं.

मग धुराच्या तपासणीची तारीख आली.

तपासणी केंद्रातल्या निरीक्षकाला बारमाही सर्दी होती. धुराच्या धंद्यात माणसाला हे वरदानच. त्यानं गाडीच्या मागच्या नळीत यंत्राची सळई घातली, पडद्यावर आकडा आला आणि त्यानं रुमाल खाली घेतला.

"बाई, मर्यादा अर्ध्याची आहे. तुमचा आकडा चार पूर्णांक दोन."

"म्हणजे पास की नापास?"

"म्हणजे वर्गातच बसायला नको," निरीक्षक म्हणाला आणि टॉर्च घेऊन गाडीखाली वाकला. "इथं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. धूर साफ करणारा डबा. तुमच्याकडे डब्याच्या जागी सरळ नळी आहे. डबा कुठाय?"

"बाहेरचे पार्ट लावलेले चालत नाहीत का?"

"चालतात की! पण त्यावर मंजुरीचा नंबर लागतो. या नळीवर नंबर नाही, ज्वाळांचं चित्र आहे."

बाईंनी नियमांची पुस्तिका मागितली. आजवर कुणी मागितली नव्हती, त्यामुळे ती शोधायला अर्धा तास गेला. बाईंनी ती बाकावर बसून पहिल्या पानापासून वाचली, अनुक्रमणिकेतल्या दोन चुका पेन्सिलीनं दुरुस्त केल्या आणि दहा दिवसांची मुदत घेऊन त्या तोफगाडा वाजवत घरी आल्या.

दिराला फोन लावला. समुद्रावरून त्याचा आवाज तुटक तुटक आला, "वहिनी... मूळ पार्ट... सगळे आईकडे!"

सासूबाई स्वयंपाकघरात वाटाणे सोलत होत्या. मूळ सायलेन्सर परसात घेवड्याच्या वेलाला आधार म्हणून उभा होता. तो त्यांनी कुरकुर न करता दिला. फिल्टरचा खोका कपड्यांच्या चिमट्यांनी भरला होता; तोही रिकामा करून दिला. पण डब्याचं नाव काढताच त्यांचा हात थांबला.

"कुठला डबा?"

"लोखंडी, आई. एवढा. दोन्हीकडून नळी असलेला."

सासूबाईंनी हनुवटीनं मागच्या दाराकडे खूण केली. दाराला टेकून डबा बसला होता. त्यावर अंगभर तैलरंगातले गुलाब होते, मध्ये एक मोर आणि कडेनं वळणदार अक्षरांत 'पाय पुसून या'.

"हे तुम्ही रंगवलंत?"

"तीन दुपारी घातल्यात त्यात. आणि तो मी देणार नाही. वारा आला की दार धाडकन आपटतं, त्याचं काय?"

बाईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याचं भिंग न काढताच ते म्हणाले, "बघू." घरातल्या सगळ्या भांडणांवर त्यांचा हा एकच उतारा होता, आणि तो कधीच लागू पडला नव्हता. दुसऱ्या दिवशी बाईंनी ग्रंथालयातून रद्दीत काढलेला ज्ञानकोशाचा एक जाडजूड खंड आणून सासूबाईंपुढे ठेवला.

"याला दार हलणार नाही, आई."

"कुठला खंड आहे?"

"'ट' ते 'ढ'."

सासूबाईंनी खंड हातात तोलून पाहिला. "ढ दाराशीच बसलेला बरा," त्या म्हणाल्या. "घेऊन जा डबा. पण मी बरोबर येणार. माझी वस्तू आहे ती."

मेकॅनिकनं दोन दिवसांत सगळे मूळ पार्ट बसवले. डब्याकडे पाहून त्यानं डोकं खाजवलं. "ताई, हा तापला की रंग जळेल हं."

बाईंनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी मेकॅनिककडे पाहिलं. मेकॅनिकनं पाना पुसायला घेतला आणि विषय संपला.

तर तपासणीच्या दिवशी गाडी केंद्राच्या फाटकातून आत शिरली ती पांढऱ्या ढगात बसून. जळक्या रंगाचा असा भपकारा सुटला की रांगेतल्या दोन गाड्या आपणहून मागे सरकल्या. निरीक्षकाला सुद्धा वास आला. कित्येक वर्षांत पहिल्यांदा!

"हे काय? आगीचा बंब बोलावू का?"

"तो मोर आहे," सासूबाई पडल्या आवाजात म्हणाल्या.

बाई मात्र नियम कोळून प्यायल्या होत्या. "नियम सतरा," त्या म्हणाल्या, "धूर नळीच्या तोंडाशी मोजायचा. गाडीखालच्या मोराबद्दल पुस्तिकेत चकार शब्द नाही."

निरीक्षकानं पुस्तिका काढून सतरावा नियम वाचला. तसंच लिहिलं होतं. त्यानं नाक ओढलं, गाडी लिफ्टवर चढवली आणि खाली जाऊन टॉर्च मारला. "बरं. पण मग नियम नऊसुद्धा वाचला असेल तुम्ही. मंजुरीचा नंबर वाचता आला पाहिजे. तुमच्या नंबरावर गुलाब आहे."

आता आली का पंचाईत! बरोबर आलेले यजमान तोंड उघडणार तोच दोघी एका सुरात म्हणाल्या, "'बघू' म्हणू नका!"

डबा निवायला तासभर लागला. तेवढा वेळ सासूबाई बाकावर बसून गाडीखालच्या मोराकडे बघत होत्या. तीन दुपारी म्हणजे काही थोडा वेळ नाही, हे बाईंना कळत होतं. "राहू दे, आई," त्या शेवटी म्हणाल्या. "नवीन डबा आणू. नंबरवाला."

सासूबाई उठल्या. अंबाड्यातला आकडा काढला, गाडीखाली गेल्या आणि मान वर करून गुलाब खरवडायला लागल्या. पाकळ्यांचे कपचे त्यांच्या केसांत पडत होते. निरीक्षक टॉर्च धरून उभा राहिला. थोड्या वेळानं तो हळूच म्हणाला, "आजी, मोराला हात लावू नका. नंबर तिथवर जात नाही."

"माहितेय मला. मीच काढलाय तो."

नंबर निघाला. गाडी पुन्हा तापवली, सळई आत गेली आणि पडद्यावर आकडा आला: शून्य पूर्णांक दोन. निरीक्षकानं शिक्का इतक्या जोरात मारला की टेबलावरचा चहा सांडला.

परत येताना बाई गाडी चालवत होत्या. गाडीतून नुसती गुरगुर येत होती, तीही मांजर झोपेत करतं तशी. दोन चौक गेले आणि मागच्या सीटवरून सासूबाईंनी विचारलं, "अगं, रडतंय कोण?"

"कोणी नाही," बाई म्हणाल्या आणि एकदम गप्प झाल्या.

यजमानांनी भिंग लावल्यासारखं बायकोकडे निरखून पाहिलं. "तू गातेस?"

गेली दोन वर्षं त्या गाडी चालवताना गळा काढून गात होत्या. त्या तोफेच्या आवाजात ते कुणाला, खुद्द त्यांनाही, ऐकू आलं नव्हतं.

"सूर जरा..." यजमान चाचरत म्हणाले.

"गाऊ दे तिला," सासूबाई केसांतला गुलाबी कपचा वेचत म्हणाल्या. "पण काच वर करून."

बाईंनी काच वर केली आणि पुढचं कडवं धरलं.