बाविसाव्या पानावरचे कोरे फुगे

मित्रांनो, मी एक जुनी चित्रकथा आहे. पाठीचे टाके सैल झालेत, मुखपृष्ठ चिकटपट्टीच्या भरवशावर आहे. पण आज माझा रुबाब विचारू नका.

मला दोन बहिणींनी घडवले. थोरली चित्रे काढायची, धाकटी मोत्यासारख्या अक्षरात फुग्यांतले संवाद लिहायची. छापखान्याच्या घाईत बाविसावे पान मात्र तिच्या हातून तसेच निसटले. वादळात होडीवरचा बाप आणि काठावरची मुलगी एकमेकांना हाका मारत आहेत, आणि फुगे कोरे! धाकटीने ते जिवाला लावून घेतले. "माझ्यामुळे तुझं पुस्तक अर्धवट राहिलं," म्हणाली, आणि तिने लेखणी ठेवून दिली.

मुलांनी मात्र मला वाचून वाचून खिळखिळी केली. सर्वांत जास्त बोटांचे डाग बाविसाव्या पानावर! जो तो आपल्या मनातली हाक तिथे भरायचा. पुढे नवी पुस्तके आली आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे मला फार एकटे वाटे.

बारा वर्षांनी माझ्यावर सिनेमा निघाला. थोरलीने मला झटकून सिनेमावाल्यांच्या हाती दिले. पडद्यावर होडी खरोखर हेलकावत होती. मला हेवा वाटला, खोटे कशाला बोलू? पण दिग्दर्शकांनी बाविसाव्या पानाच्या जागी लांबलचक भाषणे घातली होती. चाचणीच्या खेळाला लोक नेमके तिथेच जांभया देऊ लागले. तेव्हा संकलन करणाऱ्या बाईंनी माझे बाविसावे पान उघडून दिग्दर्शकांपुढे धरले.

"इथं कुणालाच काही ऐकू येत नाही, साहेब. आपणच बडबडतोय."

त्या प्रसंगातला सगळा आवाज काढून टाकला गेला.

पहिल्या खेळाला मी धाकटीच्या मांडीवर होते. पडद्यावर ओठ हलले, आवाज नाही. तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक मुलगी न राहवून ओरडली, "बाबा, परत या!" आणि टाळ्यांचा जो कडकडाट झाला, तो थांबेचना. धाकटी ढसाढसा रडली. मीही रडले असते, पण कागदाला ते परवडत नाही.

घरी येताच तिने थोरलीला माझ्या पुढच्या भागाबद्दल विचारले. थोरलीने कपाटातून चित्रांचा गठ्ठा काढून तिच्यापुढे ठेवला. एकाही फुग्यात अक्षर नव्हते.

"दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही," ती म्हणाली.

मित्रांनो, पुस्तक सरस की सिनेमा, यावर खुशाल भांडा. पण भांडण्याआधी आम्हाला पानन्‌पान वाचा, आणि वाचून झाल्यावर माळ्यावर फेकू नका. माझ्या धाकट्या भावंडाची शाई अजून ओली आहे. फळीवर आम्हा दोघांना शेजारी शेजारी जागा करून ठेवा.