एक थेंबही न गळणारा धुराचा डबा

मी एक जुना दुधाचा कॅन आहे.

चूक. होतो. मित्रांनो, आता मी धुराचा डबा आहे आणि मला राग आलेला आहे. शांतपणे सांगायचा प्रयत्न करतो. जमलं नाही, तर माझं झाकण थोडं खडखडेल. तिकडे लक्ष देऊ नका.

जन्म

दोनदा झाला.

पहिल्यांदा कारखान्यात, चकचकीत स्टीलचा. बारा वर्षं मी डेअरीत दूध वाहिलं. रोज पहाटे कढत पाण्याने अंघोळ, दुपारी उन्हात पालथा. मग एके दिवशी मी टेम्पोतून पडलो, माझ्या कुशीला पोचा आला आणि डेअरीवाल्याने मला भिंतीमागे फेकलं. बारा वर्षं विसरायला त्याला एक पोचा पुरला.

तिथून मला उचललं ताईने.

ही ताई मासळीच्या शीतगृहात मासे निवडायची. गारठ्याने बोटं आखडायला लागली तशी तिने ती नोकरी सोडली आणि घरामागच्या पडवीत मासे धुरावून विकायचं ठरवलं. त्यासाठी जुनं लोखंडी कपाट आणलं, आत सळ्या लावल्या, तळाशी शेगडी ठेवली. मासे शिजले आणि भुगा होऊन शेगडीतच पडले. मग तिच्या ध्यानात आलं, माशाला धूर हवा, आच नको. म्हणजे आग बाहेर, मासे कपाटात आणि मध्ये लांब नळी, धूर गार व्हायला.

आग पोटात घेऊन बाहेर कोण बसणार? मी.

मला घडवणारा

ताईचा धाकटा भाऊ. पाण्याच्या टाक्या जोडतो. सगळी गल्ली त्याला ‘थेंब’ म्हणते, कारण त्याचं एकच बोलणं, “एक थेंब गळला तर नाव बदलीन.”

त्याने माझ्या मानेला नळी जोडली. हात सुंदर चालतो, हे रागातही कबूल करतो. झाकणाला तीन कड्या बसवल्या. टेम्पोतून पडल्यापासून माझ्या तळाशी एक बारीक चीर होती, तीही बुजवली. मग त्याने मला पाण्याने काठोकाठ भरलं आणि बिडी संपेपर्यंत समोर बसून राहिला.

“बघ ताई! एक थेंब नाही.”

“अरे, यात पाणी नाही ठेवायचं. धूर करायचाय.”

“पाणी अडलं तिथे धुराची काय बिशाद!”

मित्रांनो, धुराच्या डब्याची परीक्षा त्याने पाण्याने घेतली. आणि मी पास झालो.

उमेदीची वर्षं

वर्षं कसली, नऊ दिवस.

लाकडाचा भुसा पेटवून माझं झाकण लावलं, कड्या आवळल्या. हवेला आत जायला वाट नाही, धुराला बाहेर पडायला एक नळी. निखारा गुदमरला. माझ्या पोटात पिवळट, जाड, चिकट धूर साचला आणि तोच कुबट धूर माशांवर जाऊन बसला.

ताईने एक तुकडा तोंडात घातला आणि थुंकला. “कडूजहर!”

“मासा शिळा असेल,” थेंब म्हणाला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, भुसा ओला. तिसऱ्या दिवशी त्याने मला लाथ मारली. “दुधाचं भांडं शेवटी. याला धुराची अक्कल कुठून असणार?”

माझं तोंड त्यानेच आवळलं होतं. मी बोलणार कुठून?

दहाव्या दिवशी ताईने शेजारच्या सुताराकडून ड्रिल आणलं आणि माझ्या बुडाशी तीन भोकं पाडली. दुखलं. पण मग वारा आत आला आणि निखाऱ्याने डोळे उघडले. नळीतून निळसर, पातळ धूर निघाला, जेमतेम दिसेल इतका. त्या दिवशीचा मासा ताईने उभ्यानेच संपवला. काटेसुद्धा चोखले.

कौतुक

(हे नंतर.)

उपेक्षा

ही आधीच आली. माझा क्रम मी ठरवलेला नाही.

चौकातल्या मोठ्या खानावळीचा मालक शनिवारी चव बघायला येणार होता. आवडलं तर रोजचं काम. नाही आवडलं, तर ताई पुन्हा शीतगृहात. तिने जुने हातमोजे धुऊन दोरीवर वाळत टाकले होते. मला ते दिसत होते.

शनिवारी सकाळी मासे टांगून, मला पेटवून ती खोकी आणायला गेली. तेवढ्यात थेंब आला. वारा उलटा होता, भोकांतून धुराच्या बटा बाहेर येत होत्या.

“अरे देवा, गळतंय! आणि आजच?”

त्याचं बहिणीवर प्रेम होतं. त्याच प्रेमाने त्याने तिन्ही भोकं रिपिटं ठोकून बुजवली. वर ओला हात फिरवून खात्री केली आणि खूश होऊन बसला.

दोन तासांनी ताई आली. तिने नळीचा वास घेतला. माझं बूड बघितलं. मग कपाटातून एक मासा काढून त्याच्या हातात दिला.

“खा.”

“ताई, गळत होतं म्हणून मी—”

“खा म्हटलं ना. सगळा.”

त्याने खाल्ला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. शेपटीपाशी आला तोच दारात खानावळीचा मालक.

“वा, सुरुवात झाली वाटतं! एक घास आम्हालाही द्या.”

“हा तुमच्यासाठी नाही,” ताई म्हणाली. “तुम्ही चारला या.”

“चारला मला वेळ कुठला?”

थेंबाने कसाबसा घास गिळला. “मालक, चूक माझी आहे. हिच्या डब्याचा श्वास मी कोंडला. चारला या. नाही आवडलं तर शिव्या मला घाला.”

मालक कुरकुरत गेला. थेंब माझ्यासमोर उकिडवा बसला. जन्मात त्याने मुद्दाम भोक पाडलं नव्हतं. त्याने सुताराचं ड्रिल हातात घेतलं.

“किती ठेवू?”

“होती तितकी.” आणि ताईने कडू मासे काढून ताजे टांगले.

कौतुक

आता.

मालक पाचला आला. दोन मासे खाल्ले, बोटं चाटली. “उद्यापासून पाठवा,” म्हणाला. ताईने दोरीवरचे हातमोजे ओढून काढले आणि मला पुसायला घेतले. मग जाता जाता मालकाने कपाटावर थाप मारली.

“कपाट मात्र झकास आहे हो तुमचं!”

कपाट! ते नुसतं उभं असतं!

संदेश

मित्रांनो, मला पुसा, पावसात ठेवू नका, हे सगळे डबे सांगतात. मी वेगळं मागतो. कशालाही घट्ट झाकण लावण्याआधी आत कोण जळतंय ते बघा.

आणि नळी महिन्यातून एकदा धुवा. कपाटाची नाही. माझी.