नागेशच्या ताकदीच्या गोळ्या

गोळ्या सुरू करून तीन महिने झाल्यावर नागेशचा रिपोर्ट जसाच्या तसा आला, शुक्राणू तेवढेच कमी. पण तो अजून आलाच नाही असं धरून आपण पुढे जाऊ, कारण ही गोष्ट घडली तेव्हा नागेशही अजून आशेवरच होता.

व्हिटॅमिनच्या गोळ्या लिहून देताना डॉक्टर म्हणाले होते, "फरक पडेलच असं नाही, पण एकही चुकवू नका." अल्लीपूरला घरी आल्यावर आईनं, धुरपताबाईनं विचारलं, "कायच्या गोळ्या हायेत रे?" खरं सांगायची लाज वाटली म्हणून नागेश म्हणाला, "ताकदीच्या."

तिथंच घात झाला. या घरात ताकदीची वस्तू एकट्यानं खायची पद्धत नाही. डिंकाचे लाडू वाटावेत तशा धुरपताबाईनं गोळ्या वाटल्या. बाबांना दोन, आल्यागेल्याला चहासोबत एक. महिन्याचा डबा आठव्या दिवशी खडखडीत रिकामा.

"सांगून टाका ना आईले एकदाचं," बायको चंचल वैतागली.

"मंग गावभर होईन ना वं!"

तेवढ्यात शेजारचे सत्तरीतले नत्थूकाका आले. "नागेश, गोळी हाय काय? लय फरक पडून राह्यला मले."

"कायचा फरक, काका?"

काका लाजले.

त्याच दुपारी नागेशनं सरपंचांना अर्ज लिहिला: "तरी मौजा अल्लीपूर येथील समस्त नातेवाईक व पाहुणे यांना अर्जदाराच्या गोळ्यांपासून शंभर मीटर दूर ठेवण्याचे आदेश व्हावेत, आणि त्यामागील कारण कोणीही, कधीही विचारू नये, ही नम्र विनंती."