गरम माप

माप घेताना मायक्रोमीटर तिच्या चिमटीत तीनदा टिकटिकला आणि ती थांबली — चौथी टिकटिक नाही, कधीच नाही. शेजारच्या लेथवरून तो न बघण्याचा आव आणत बघत होता. हे त्यानेच शिकवलेलं... आठ वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीला कारखान्यात आणलं तेव्हा फोरमनला सांगितलं होतं, ‘जरा वेगळी आहे, गोंगाटाने बिथरते, नजरेला नजर देत नाही, पण मी आहे ना.’ मी आहे ना — या तीन शब्दांवर त्याने किती मान मिळवला होता!

आणि आज टूलरूमचा प्रमुख ठरायचा होता. दोघांनी एकेक शाफ्ट, ठरल्या मापाचा लोखंडी दांडा, करून दाखवायचा. बारा वर्षं तो त्या जागेवर डोळे लावून बसला होता. ती मात्र कानांवर जाडजूड हेडफोन चढवून, आकारवार मांडलेल्या हत्यारांतून न बघता हवं ते उचलत होती, जणू चढाओढ तिच्या गावीही नव्हती. त्याचा नुसता जळफळाट होत होता. घरीसुद्धा तेच — ‘हिचं कसं होणार’ हे आईचं पालुपद कधी बंद पडलं कळलंही नाही. परवा दाराची कडी बिघडली तेव्हा तो समोर बसलेला असताना आईने हिलाच हाक मारली.

हिच्या आधी संपवायचं म्हणून त्याने शाफ्ट उतरवला, मोजला, माप लिहिलं आणि तिच्यापुढे ठेवला. एकमेकांचं काम तपासायची इथली रीतच होती. तिने तो लगेच उचलला नाही. बऱ्याच वेळाने उचलला... तीन टिकटिक.

तिने हेडफोन काढला. ‘‘दादा, गरम मोजलास. निवल्यावर दोन शतांश मिलिमीटर कमी भरतोय.’’

गरम लोखंड फुगतं, माप फसवं येतं — त्यानेच तिला दिलेला पहिला धडा.

‘‘फोरमनना सांगायलाच हवं का?’’ तो हळूच म्हणाला.

तिने मायक्रोमीटर जागेवर ठेवला. ‘‘ते विचारतील ना. मग सांगेन. गरम मोजू नये हे तूच शिकवलंस, तेही सांगेन.’’

आवाजात ना टोमणा, ना कीव. टोमणा असता तर बरं झालं असतं... निदान भांडता आलं असतं. त्याच्या मनात आलं, खरं बोलायला हिला कधी धीर गोळा करावा लागला नाही; मी मात्र अजून तो शोधतोय.

फोरमन केबिनमधून निघाले होते. त्याने शाफ्टवर हात ठेवला, थंडगार होता. आयुष्यभर तो हिच्या वतीने बोलत आला — आणि आता, पहिल्यांदाच, तिच्या तोंडाकडे बघत त्याला वाटत होतं, हिने एकदा म्हणावं... मी आहे ना.