ऑइल ते ऑइलच!

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे आणि मी प्रचंड संतापलेली आहे. संताप दाखवायला माझ्याकडे फक्त हॉर्न आहे, आणि तोही बसलेला आहे.

माझे मालक शिंपी. गिऱ्हाइकांचे कोट ते मागच्या सीटवर असे जपून निजवायचे, की लोक खिडकीतून डोकावून विचारायचे, "कोण आजारी आहे?" काय तो माझा थाट! पुढे मालकांची नजर अधू होऊ लागली आणि मी शेडमध्ये गेले. माझ्यावर चादर आली, चादरीवर गाद्या, गाद्यांवर मोडका पंखा. एक कोंबडी तर स्टिअरिंगपाशी अंडी घालू लागली. माझं मत कुणी विचारलं नाही.

यंदा डोळ्यांच्या डॉक्टरांनी मालकांना बजावलं, "हा महिना चालवा गाडी. नंतर मी परवानगी देणार नाही." त्यावर लेक म्हणाली, "बाबा, मग आपली जुनीच बाहेर काढू."

लेक गुणाची. पण तिचा नवरा! घरात त्याला 'सर्वज्ञ' म्हणतात, आणि त्याला ते कौतुक वाटतं. त्याने नव्या गाड्यांचं पाण्यासारखं पातळ ऑइल आणलं. बसून बसून माझी रबरं आकसलेली. त्याने वरून ओतलं, मी खालून परत केलं.

"जुन्या इंजिनाला दाट लागतं हो," मालक म्हणाले.

"पूर्वी एरंडेल घालायचे म्हणे," शेजारीण कुंपणावरून म्हणाली.

मित्रांनो, मला बद्धकोष्ठ झालेलं नव्हतं!

शेवटी दाट ऑइल आलं आणि गळती थांबली. उरलेलं ऑइल सर्वज्ञाने ब्रेकच्या डबीत ओतलं. का? तर त्याला ब्रेक ऑइल म्हणतात! अहो, ते नावापुरतं ऑइल. ब्रेकच्या रबरांना खरं ऑइल लागलं, की ती फुगतात. मी जिवाच्या आकांताने गप्प बसले. दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवशी मालक इस्त्रीचा शर्ट घालून माझ्यात बसले. फाटकात त्यांनी ब्रेक दाबला, तो सुटेचना. चारही चाकं जाम. मी निम्मी घरात, निम्मी रस्त्यावर. दूधवाला सायकल खांद्यावर घेऊन माझ्या बॉनेटवरून पलीकडे उतरला.

लेकीने डबी उघडली. झाकणातलं रबर टम्म फुगलेलं. "काय ओतलंत यात?"

"ऑइल. ब्रेक ऑइल म्हणजे ऑइलच ना?"

मालक शांतपणे म्हणाले, "जावईबापू, मांजरपाटाच्या कापडात मांजर असतं का?"

मग ते माझ्या सीटवर नुसतेच बसून राहिले. महिना संपत आला होता.

सर्वज्ञाचा चेहरा उतरला. त्याने दुकानं पालथी घालून सगळी रबरं आणली, नळ्या धुतल्या, ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली आणली आणि जन्मात पहिल्यांदा विचारलं, "बाबा, हेच ना?"

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मालकांनी मला उतारावर घेतलं आणि मध्येच ब्रेक दाबला. मी थांबले. अगदी जागच्या जागी.

"शहाणी ग माझी," ते म्हणाले आणि त्यांनी किल्ली लेकीच्या हातात ठेवली.

माझा राग काही गेलेला नाही. मित्रांनो, आम्हा मुक्यांच्या पोटात काही ओतण्याआधी कुणाला तरी विचारत जा. आम्हाला उलटीसुद्धा धड करता येत नाही.